जुन्या संगणकाचं करायचं काय?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त १५ ऑगस्ट २०२५ रोजी ध्वजवंदनानंतर केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट लिहून काढलं आहे.)



सचिवांनी मला सांगितलं, ‘काका, पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा.’ आठवणी पुष्कळ आहेत. २६ जुलै २००५ चा पाऊस आहे, पहिल्या बोअरवेलला पाणी लागलं तो दिवस आहे. पण त्या सांगणारे माझ्याहून चांगले वक्ते इथे आहेत. मी आज एका अडगळीबद्दल बोलणार आहे. सोसायटीच्या ऑफिसात, पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या पलंगाखाली ती पडलेली आहे. जुने संगणक. शिवाय त्या निमित्ताने मला एक कबुलीही द्यायची आहे. ती मधे येईल, तोवर कुणी उठून जाऊ नका. चहा आणखी अर्ध्या तासाने आहे.

मी बँकेत लागलो तेव्हा लेजर उचलायला दोन माणसं लागायची. १९८३ साली संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात यांत्रिकीकरणाचा पहिला करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि मग हळूहळू शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशिनं दिसू लागली. त्या मशिनांविरुद्ध आम्हीच घोषणा दिल्या होत्या बरं का! संगणक आला की आमची नोकरी जाणार, असं वाटायचं. पुढे त्याच संगणकाला हळदकुंकू लावून आम्ही पूजा केली. एसी केबिन आधी त्याला मिळाली, मॅनेजरसाहेबांना नंतर.

पण जे आलं ते जुनंही होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेच्या संगणकावर दरवर्षी ३३.३३ टक्के घसारा धरतात. म्हणजे तीन वर्षांत हिशेबाच्या पुस्तकातून तो संपला. नोंद पुसली जाऊ नये म्हणून एक रुपया किंमत ठेवायची. चाळीस हजारांचं यंत्र चौथ्या वर्षी पुस्तकात एक रुपयाचं. ते मात्र टेबलावर बसून मुकाट्याने काम करतच असतं. पुस्तकातली किंमत आणि वस्तूचा खरा उपयोग यांतला हा फरक मी आयुष्यभर पाहिला. आजचा विषय त्या फरकाचाच आहे.

आता माझ्या दोन चुका सांगतो.

पहिली चूक २००८ च्या सुमाराची. आमच्या शाखेत कोअर बँकिंग आलं आणि जुने सहा संगणक निघाले, त्या मोठ्या पोटाच्या काचेच्या मॉनिटरवाले. मी पुढाकार घेतला. म्हटलं, भंगारात कशाला, शाळेला देऊ. कशेळ्याच्या पुढे डोंगराकडच्या एका वाडीवर शाळा होती. टेम्पो केला, हारतुरे झाले, मुलांनी स्वागतगीत म्हटलं, फोटो निघाला. मी घरी येऊन शांत झोपलो.

दीड वर्षाने कर्जाच्या वसुलीसाठी त्या बाजूला गेलो होतो, म्हणून शाळेत डोकावलो. सहाच्या सहा संगणक एका खोलीत एकावर एक रचलेले. पावसाळ्याची ओल बसून बुरशी आलेली. एकात उंदरांनी घर केलेलं. मी जरा नाराजीनेच बाईंना विचारलं, ‘चालवले नाहीत का?’ मुख्याध्यापिका बाई शांतपणे म्हणाल्या, ‘साहेब, त्यांत हार्ड डिस्कच नव्हत्या. तुमच्याच माणसांनी काढून घेतल्या होत्या ना? आम्हाला वाटलं, नंतर पाठवाल. आणि आता टाकताही येत नाहीत, कारण डेड स्टॉकला नोंद झाली आहे. दर तपासणीला सहा नग मोजून दाखवावे लागतात. मुलांना बसायची खोली गेली.’

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं होतं काय? खातेदारांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून डिस्क काढल्या, ते बरोबरच होतं. पण मेंदू काढून नुसती धडं शाळेला दिली, आणि त्याला मी दान म्हणत होतो. डेड स्टॉकची नोंद रद्द करायला किती कागद लागतात, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? तरी ते ओझं मी त्या बाईंच्या डोक्यावर ठेवून आलो. आमची शाखा मोकळी झाली आणि त्यांची खोली अडली.

दुसरी चूक याच सोसायटीतली. २०१८ साली मी सचिव होतो. ऑफिसचा जुना संगणक बंद पडत होता, नवा घेतला. जुना रद्दीबरोबर भंगारवाल्याला दिला. साडेतीनशे रुपये आले, पावती फाडली, खात्यात जमा केले. हिशेब चोख! महिन्याभराने बाजारपेठेतल्या एका संगणक दुरुस्तीवाल्या मुलाचा फोन. ‘काका, एक हार्ड डिस्क भंगारातून घेतली होती मी. लावून बघितली तर तुमच्या सोसायटीचं सगळं दिसतंय त्यात. काय करू?’

मी तसाच निघालो. त्याने स्क्रीनवर दाखवलं. सभासदांची यादी, मोबाइल नंबर, कुणाचा वारसदार कोण, थकबाकी कुणाची किती, भाडेकरूंचे करारनामे, पॅन कार्डाच्या आणि आधारच्या प्रती, पोलिसांकडे दिलेले फॉर्म, फोटोंसकट. मी डिलीट केलं होतं हो! एकेक फाइल डिलीट करून, रिसायकल बिनसुद्धा रिकामी केली होती. त्या मुलाने एक फुकटातलं सॉफ्टवेअर चालवलं आणि दहा मिनिटांत सगळं परत आलं.

तो मुलगा सज्जन निघाला. डिस्क त्याने माझ्या हातात दिली, पैसे घेतले नाहीत. पण भंगारवाल्याकडून ती दुसऱ्या कुणाच्या हाती गेली असती तर? बँकेत रुजू होताना आम्ही निष्ठा आणि गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करतो. छत्तीस वर्षं ती पाळली. आणि शेजाऱ्यांची माहिती साडेतीनशे रुपयांत विकून आलो. ही गोष्ट मी तेव्हा कार्यकारिणीला सांगितली नाही. लाज वाटली. आज सात वर्षांनी सर्वांसमोर सांगतो आहे, आणि माफी मागतो. पंचविसाव्या वर्षी खातं स्वच्छ केलेलं बरं.

दोन्ही चुका ताडून बघा. पहिल्या वेळी माहिती जपली, पण दान वाया गेलं. दुसऱ्या वेळी यंत्र कुणाच्या तरी उपयोगी पडलं, पण माहिती उघड्यावर गेली. दोन्ही एकाच वेळी साधता येतात, आणि अवघड अजिबात नाही. ते कसं, ते सांगण्याआधी एक प्रश्न. भंगारात दिलेल्या संगणकाचं पुढे होतं काय?

भंगारवाल्याचा मला राग नाही. आपण जे फेकतो त्यातून तो चार पैसे काढतो, देशाचं काम करतो. पण संगणक म्हणजे लोखंडी खुर्ची नव्हे. वरचा पत्रा, पंखा, तारा यांना भाव असतो. मदरबोर्डवर सोन्याचा पातळ मुलामा असतो, तांबं असतं. ते सोडवायला कुणी तारा जाळतं, कुणी बोर्ड ॲसिडमध्ये बुडवतं. दिल्लीतलं सीलमपूर या कामासाठी देशभर ओळखलं जातं. इतक्या लांब कशाला, मी स्वतः खोपोलीकडे जाताना रस्त्यालगत एका ओढ्याकाठी तारांचा ढीग जळताना पाहिला आहे. काळा धूर, आणि त्या धुरात आपल्या सोनू-मोनूच्या वयाची दोन पोरं काठीने ढीग हलवताहेत. तारेवरचं प्लास्टिक जळलं की डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं निघतात. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये शिसं असतं, सपाट स्क्रीनच्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये दिव्यात पारा, यूपीएसच्या बॅटरीत शिसं आणि ॲसिड. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसं बाधतं.

आणि ते जातं कुठे? आपल्या कर्जतवरून उल्हास नदी वाहते, ती नेरळ, बदलापूरकडे जाते, कल्याणपर्यंतची शहरं तिच्यातून पाणी उचलतात. खालापुरात पाताळगंगा आहे. टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी तिला मिळतं आणि खालचे कारखाने, गावं त्यावर जगतात. आपण वरच्या अंगाला राहणारी माणसं आहोत. ओढ्यात जे मिसळेल ते खालच्यांच्या हंड्यात जाणार.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अहवाल सांगतो की २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रीकरण झालेला भाग फक्त २२.३ टक्के. बाकीचा कुठल्या तरी ओढ्याकाठी, नाहीतर आपल्या पलंगाखाली.

कायदा आहे. २०११ साली पहिले नियम झाले, २०१६ साली सुधारले, आणि आता २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांचा गाभा सोपा आहे. ज्याने वस्तू बनवली किंवा आयात केली, त्याच्यावर तिच्या शेवटाची जबाबदारी. उत्पादकांना लक्ष्य ठरवून दिलं आहे, आधी ६० टक्के, या आर्थिक वर्षापासून ७० टक्के, २०२७-२८ पासून ८०. पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करायची, आणि ज्या संस्थेत अशी उपकरणं एक हजार किंवा जास्त आहेत, तिने जुना माल नोंदणीकृत माणसालाच द्यायचा. आपली सोसायटी या हजारात बसत नाही. पण आपल्यातले कितीतरी जण रोज सकाळच्या कर्जत लोकलने मुंबईला जातात, मोठ्या ऑफिसांत बसतात. तुमच्या ऑफिसात जुन्या मालाची फाइल सहीला आली, तर ‘सर्वांत जास्त बोली कुणाची’ याबरोबर ‘नोंदणी आहे का’ हेही विचारा. नुसत्या जास्त बोलीमागे बऱ्याचदा ओढ्याकाठचाच ढीग असतो.

हा विषय आजच का? येत्या १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा नियमित आधार संपतो आहे. साधारण २०१७-१८ च्या आधीचे प्रोसेसर असलेल्या यंत्रांवर विंडोज ११ रीतसर बसत नाही. त्यामुळे दुकानदार सांगणार, ‘काका, आता नवाच घ्या.’ ऑफिसं तर घाऊक बदलणार. लॉकडाऊनमध्ये घरून काम करायला घेतलेले सेकंडहँड लॅपटॉपही त्यात आले. म्हणजे येत्या वर्षभरात चांगले चालणारे, हातीपायी धड असलेले संगणक भंगारात निघणार. आणि दुसरीकडे, केंद्र सरकारचीच २०२३-२४ ची आकडेवारी म्हणते की देशातल्या ५७.२ टक्के शाळांतच चालू संगणक आहेत. नोकरीसाठी एमएस-सीआयटी मागतात आणि मुलाने दहावीपर्यंत की-बोर्डला हात लावलेला नसतो. आपल्या ठाकूरवाड्या, कातकरीवाड्यांतल्या मुलांचं तर बोलायलाच नको.

तर आता करायचं काय? माझी पद्धत बँकेतलीच आहे. आधी वर्गवारी. प्रत्येक यंत्र तीनपैकी एका ढिगात टाका : चालणारं, दुरुस्त होणारं आणि संपलेलं.

चालणारं कोणतं? माझी कसोटी साधी आहे. हा संगणक मी माझ्या स्वतःच्या नातवाला अभ्यासाला देईन का? उत्तर ‘छे, त्याला कसा देऊ’ असं असेल, तर तो वाडीवरच्या मुलालाही द्यायचा नाही. सरळ पुनर्चक्रीकरणाला पाठवायचा. दान म्हणून कचरा पुढे ढकलणं हा आपला जुना रोग आहे. पुरात फाटक्या साड्या पाठवणारे आपणच.

विंडोज चालत नाही म्हणजे यंत्र मेलं असं नाही. लिनक्स नावाची फुकट प्रणाली आहे, तिच्या हलक्या आवृत्त्या चार जीबी मेमरीवरही चालतात. आपल्या सी-डॅकने ‘बॉस’ नावाची भारतीय आवृत्ती काढली आहे, तिच्यात मराठीत काम करता येतं. जुनी फिरणारी डिस्क काढून नवी छोटी एसएसडी बसवली, तर दीड-दोन हजारांत दहा वर्षांचा संगणक पळायला लागतो. माझी शाळेची चूक नेमकी इथे सुटते. डिस्क काढा, पण तिच्या जागी नवी घालून द्या.

आता काढलेल्या डिस्कचं. डिलीट करणं म्हणजे लेजरची पानं फाडणं नव्हे, फक्त पुढची अनुक्रमणिका फाडणं. पानं आत तशीच असतात. झटपट फॉरमॅटही तसंच. फिरणाऱ्या डिस्कवर सगळीकडे नवी माहिती लिहून जुनी झाकावी लागते, त्यासाठी सॉफ्टवेअर मिळतात आणि रात्रभर लावून ठेवलं की काम होतं. एसएसडीसाठी कंपनीच्याच सॉफ्टवेअरमधली कायमची पुसण्याची सोय वापरायची. डिस्क बंदच पडली असेल तर ड्रिल मशिनने तिच्या तबकड्यांतून तीन-चार भोकं पाडायची. डोळ्यांवर चष्मा लावून, बरं का. आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर विसरू नका, त्यातही डिस्क असते. मोठ्या झेरॉक्स मशिनमध्येही असू शकते. डॉक्टरांचे पेशंट, सीए लोकांचे क्लायंट, क्लासवाल्यांची मुलं, सगळ्यांची माहिती आपल्या हातात असते. २०२३ साली त्यासाठी कायदाही झाला आहे, पण कायदा नसता तरी ती दुसऱ्याची ठेव आहे.

शाळेला देण्याआधी शाळेला विचारा. बाईंना हवेत का? किती हवेत? वीज टिकते का, अर्थिंग आहे का, खोली गळते का? शिकवणार कोण? सहा मोडके देण्यापेक्षा दोन धड द्या, सोबत की-बोर्ड, माउस, वायरी, यूपीएस द्या, पासवर्ड काढून द्या, आणि आपल्यातल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाने महिन्यातून एकदा चक्कर मारावी. केंद्र सरकारचं ‘विद्यांजली’ पोर्टल आहे, तिथे सरकारी शाळा आपल्या गरजा नोंदवतात, तेही बघता येईल. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बिघडला की परत घेऊन जाऊ, असं लेखी द्या. माझी तर सूचना आहे की मालकी सोसायटीचीच ठेवावी, शाळेला वापरायला द्यावेत. म्हणजे डेड स्टॉकचं ओझं आपल्या रजिस्टरात राहील, बाईंच्या नाही.

संपलेल्या यंत्रांसाठी नोंदणीकृत पुनर्चक्रीकरणवाला. त्यांची यादी केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर आहे. पण दोन माउस न्यायला कर्जतला कुणी टेम्पो पाठवणार नाही. म्हणून माल एकत्र जमवायचा. पुण्यात पूर्णम इकोव्हिजन या संस्थेने लोकसहभागातून ई-कचरा जमवून दाखवला आहे, वापरण्याजोगे संगणक दुरुस्त करून गरजूंना देतात. कचरावेचकांची ‘स्वच्छ’ सहकारी संस्थाही तिथे हे काम करते. सहकारातच आपण बसलो आहोत, मग आपल्याला काय हरकत आहे?

कार्यकारिणीपुढे मी लेखी प्रस्ताव ठेवला आहे. थोडक्यात सांगतो.

१) १२ ऑक्टोबरच्या रविवारी, दिवाळीच्या साफसफाईच्या तोंडावर, पहिला संकलन दिवस. पुढे दरवर्षी एकदा. शेजारच्या सोसायट्यांनाही बोलावू.

२) माल उघड्या पार्किंगमध्ये नको, कोरड्या खोलीत. यूपीएसच्या बॅटऱ्या वेगळ्या. त्या नवी घेताना दुकानदाराला परत देता येतात, त्यांचे नियमही वेगळे आहेत.

३) आणणाऱ्याला पावती. डिस्क त्याच्यासमोर काढायची, आणि पुसली किंवा फोडली तेही त्याच्यासमोर.

४) सोसायटीचे स्वतःचे दोन संगणक आणि जुना डीव्हीआर सर्वसाधारण सभेच्या मंजुरीने रजिस्टरातून कमी करायचे. संपलेला माल देताना वजनाची पावती आणि विल्हेवाटीचं प्रमाणपत्र घेऊन फाइलला लावायचं.

५) पैसे कमी आले तर चालतील. साडेतीनशे रुपयांची पावती मी एकदा फाडली आहे, तिची किंमत मला ठाऊक आहे.

बाजारपेठेतल्या त्या मुलाला मी मागच्या आठवड्यात भेटलो. आता त्याचं स्वतःचं दुकान आहे. म्हटलं, येशील का रविवारी डिस्क पुसायला? तो म्हणाला, ‘येतो काका, पण चहा तुमचा.’ त्या शाळेतही फोन केला. बाई केव्हाच निवृत्त झाल्या, पण नव्या सरांनी विचारलं, ‘हार्ड डिस्कसकट देणार ना?’ म्हणजे गोष्ट अजून तिथे चालू आहे! सरांना दोन हवे आहेत, जास्त नकोत. दोन तरी आपल्याकडून निघतीलच.

एक माझाच आहे. निवृत्तीच्या वेळी, २०११ साली हौसेने घेतला होता. आमच्या सौभाग्यवतींनी जुन्या चादरीत गुंडाळून पलंगाखाली ठेवला आहे आणि दर दिवाळीला विचारतात, ‘याचं करायचं काय?’ यंदा उत्तर मिळालं. तपासून घेतो. धड असेल तर नवी डिस्क घालून देतो, नसेल तर संपलेल्यांच्या ढिगात सर्वांत आधी माझा.

चहा आला वाटतं.